एका तारखेची बिऱ्हाडं

अकोल्याचे माझे मामा मला रोज सकाळी साडेपाच वाजता इतिहास पाठवतात. दूधवाला सहाला येतो, पेपरवाला साडेसहाला. इतिहास मात्र सगळ्यांच्या आधी दारात हजर असतो. फोन टुणकन वाजतो, बायको कूस बदलून म्हणते, "मेलं का कोणी?" आणि मी चष्मा शोधत म्हणतो, "हो. पण १८०३ साली."

ही मामांची जुनी खोड. मुख्याध्यापक होते तेव्हा शाळेच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचे. निवृत्त झाल्यावर फळा गेला, पण विशेष राहिले. मग त्यांनी भाच्याला फळा केलं. आधी पंधरा पैशांचं कार्ड यायचं. अकोल्याहून अमरावतीला ते कधी दोन दिवसांनी पोचे, कधी तीन. त्यामुळे आमच्या घरी 'आजचा दिनविशेष' नेहमी परवाचा असे. लोकमान्यांची पुण्यतिथी आम्ही कित्येक वर्षं तीन ऑगस्टला जाणून घेतली. मग फोन आला, मग व्हॉट्सॲप आलं, आणि इतिहास एकदम ताजा मिळू लागला. आता मामांच्या निरोपाचे तीन ठरलेले रकाने असतात: घटना, जन्म, मृत्यू. शेवटी कधी गुलाबाचं फूल, कधी समई. मृत्यू जास्त असतील तर समई.

आता स्पष्टच सांगतो. मी दिनविशेषाच्या विरुद्ध आहे. थोडाथोडका नाही, कडकडीत विरुद्ध आहे. मामांचा मान राखून, त्यांच्या वयाला नमस्कार करून, हे ज्ञान म्हणजे इतिहासाची भेळ आहे असं माझं ठाम मत आहे. कुरमुरे वेगळे, फरसाण वेगळं, कांदा तिसरीकडचा. कागद एक म्हणून पदार्थ एक!

हे मी बाहेरून बोलत नाही. शाळेत माझं अक्षर बरं म्हणून फळ्याचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. एकदा घाईत मी एका चांगल्या धडधाकट पुढाऱ्याला जन्माऐवजी मृत्यूच्या रकान्यात घातलं. प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मौन पाळलं गेलं, शाळा सुटली, आणि मुलांनी मला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला खांद्यावर घेतलं नाही, कानाला धरलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की या तीन रकान्यांत काय कुठे पडलं याने कोणाच्या समजुतीत काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो सुटीत.

एक तारीख म्हणजे अंबागेटच्या आतला एखादा जुना वाडा समजा. दर्शनी खोलीत एक बिऱ्हाड, माडीवर दुसरं, मागच्या पडवीत तिसरं. विहीर सामायिक, बाकी कोणाचं कोणाशी सोयरसुतक नाही. बाहेरचा माणूस पाटी वाचतो आणि म्हणतो, "वा, एकत्र कुटुंब दिसतं!"

२७ डिसेंबरचा वाडा बघा. दर्शनी खोलीत मिर्झा गालिब, १७९७ पासूनचे जुने भाडेकरू. त्यानंतर आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे भाऊसाहेब, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, १८९८. शेजारच्या खोलीत १९११ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा म्हटलं गेलेलं 'जन गण मन'. आणि माडीवर १९६५ पासून सलमान खान! आता या वाड्यात आवाज कोणाचा येणार? ज्यांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, जे घटना समितीत बसले, देशाचे कृषिमंत्री झाले, त्या भाऊसाहेबांना मामांच्या निरोपात दीड ओळ. आमच्या गल्लीतल्या पोरांकडे तर तीही नाही. त्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावर केक कापला जातो तो माडीवरच्यांचा. कापणाऱ्या पोरांपैकी निम्मी भाऊसाहेबांच्या संस्थेत शिकतात.

राष्ट्रसंतांचं तेच. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. त्याच तारखेला १९०२ मध्ये जयप्रकाश नारायण जन्मले आणि १९४२ मध्ये अमिताभ बच्चन. म्हणजे एक संत, एक लोकनायक आणि एक महानायक. कोण कोणाला झाकतो हे सांगायला ज्योतिषी नको. लालबहादूर शास्त्रींचं दुःख तर सगळ्या भारताला ठाऊक आहे. २ ऑक्टोबरला जन्मण्यात त्यांची काय चूक? पण गांधीजींच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो असा ठेवतात की लग्नात नवरदेवाशेजारी करवला.

एक ऑगस्टला शाळेत एक टेबल, दोन फोटो आणि एक नारळ असतो. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी अण्णाभाऊ साठे जन्मले. एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका पोराने छाती पुढे काढून सांगितलं, "टिळक गेले आणि त्याच दिवशी अण्णाभाऊ आले!" टाळ्या पडल्या. जणू एका साहेबाने चार्ज दिला आणि दुसऱ्याने घेतला. वाटेगावहून मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या अण्णाभाऊंनी काय सोसलं, काय लिहिलं, यावर पोराकडे वाक्य नव्हतं. तारीख जुळली होती, मग आणखी शिकायची गरज काय?

एवढं सगळं मी मामांना एका २३ फेब्रुवारीला फोनवर ऐकवलं. त्या दिवशी त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला होता. २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावात गाडगेबाबांचा जन्म आणि २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात गजानन महाराज प्रकट झाले. एकच तारीख, एकच वऱ्हाड, मधे फक्त दोन वर्षं!

"आता बोल!" मामा गरजले. "हा का योगायोग हाये? हा संकेत हाये, संकेत!"

"मामा, कोणतीही तेवीस माणसं एका खोलीत बसवा," मी म्हणालो, "त्यातल्या दोघांचा वाढदिवस एका दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. गणितवाल्यांनी हे सिद्ध केलंय. वर्षाला दिवस तीनशे पासष्ट आणि आपल्या महाराष्ट्रात संत, पुढारी आणि नट किती? दाटीवाटी होणारच."

"तू संतायले खोलीत बसवून राह्यला का बे?"

"आणि दुसरं असं की शेगावचा प्रकटदिन लोक माघ वद्य सप्तमीला करतात. ती सप्तमी दरवर्षी तेवीसलाच येते का? तिथीनं बघितलं तर तुमचा संकेत वर्षागणिक आठ-पंधरा दिवस इकडे नाही तर तिकडे सरकतो."

मामा क्षणभर गप्प झाले. मी घाव घातला. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस या दोघांच्या मृत्यूची नोंद २३ एप्रिल १६१६ अशी आहे. त्यावरून जगभर पुस्तकदिन साजरा होतो. पण स्पेनने तेव्हा नवं कॅलेंडर घेतलं होतं आणि इंग्लंड जुन्यावरच होतं. दोन्ही तेवीस तारखांत दहा दिवसांचं अंतर! कॅलेंडर बदललं की नातं तुटलं. असलं कसलं हे नातं?

"अन् तुमची स्वतःची जन्मतारीख कोणती मामा?" मी विचारलं.

पलीकडे शांतता. हा पत्ता मी कधी टाकत नाही, पण त्या दिवशी मीही पेटलो होतो.

मामांची जन्मतारीख एक जून आहे. वऱ्हाडातल्या त्या पिढीतल्या कितीतरी माणसांची एक जूनच आहे. बाप पोराला शाळेत घेऊन जायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा 'तुम्हीच पाहा ना जी', आणि गुरुजी हिशेबाला सोयीचा म्हणून एक जून टाकून मोकळे व्हायचे. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी कचेऱ्या आणि शाळांमधून निरोपसमारंभांचा असा धडाका उडतो की शहरात शाली मिळत नाहीत. जगाच्या इतिहासात एका दिवशी एवढी माणसं दुसऱ्या कोणत्याही तारखेला जन्मली नसतील. याला म्हणतात दिनविशेष!

मामांचा खरा जन्म पोळ्याच्या करीचा. आजी सांगायची, "ज्या साली नदीले पूर आला, आपली कपिला गाय वाहून गेली अन् पऱ्हाटीचं एक बोंड घरात आलं नाही, त्या साली करीच्या दिवशी तुहा मामा झाला." म्हणजे सरकारने मामांना पोळ्याच्या तीन महिने आधीच घरी बसवलं.

पण आजीच्या त्या वाक्याकडे जरा बघा. त्यात तारीख नाही, सालही नाही. पण पूर आहे, गाय आहे, बुडालेलं पीक आहे आणि त्या घरात जन्मलेलं पोर आहे. कशाचा कशाशी संबंध होता ते सगळं आहे. ते पोर पुढे काटकसरी का झालं, खडूचा तुकडा संपेपर्यंत का वापरत राहिलं, ताटात शीत टाकणाऱ्या भाच्याच्या पाठीत धपाटा का घालत आलं, याचं उत्तर आजीच्या वाक्यात मिळतं. 'एक जून' यातून काय मिळतं? पेन्शन.

माझं भांडण आहे ते हेच. इतिहासात खरं नातं कारणाचं असतं, तारखेचं नसतं. १२ एप्रिलला मामा न चुकता युरी गागारिन पाठवतात. १९६१ साली तो अंतराळात गेला, उत्तम झालं. पण त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १२ एप्रिल १८६१ ला, अमेरिकेत चार्ल्सटन बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि तिथलं यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला. मँचेस्टरचे गिरणीवाले हवालदिल झाले आणि त्यांची नजर वळली वऱ्हाडाकडे. अमरावतीच्या आणि खामगावच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे अकोल्यावरून बडनेऱ्याला आली; १८७० च्या आसपास बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला कापसासाठी फाटे निघाले. आणि १८६५ साली युद्ध संपलं तसा भाव कोसळला. ज्वारी काढून कापूस पेरणाऱ्याचं सुखदुःख सातासमुद्रापलीकडच्या भावाला जे बांधलं गेलं, ते आजतागायत सुटलेलं नाही. गागारिनशी आमचा संबंध फक्त आकाशाचा. सम्टरशी पोटाचा. पण आमच्या फळ्यावर सम्टर मी कधी पाहिला नाही.

गाडगेबाबांचंच घ्या. २३ फेब्रुवारीला जन्म, २० डिसेंबर १९५६ ला मृत्यू, दोन्ही रकाने भरले. मधल्या ऐंशी वर्षांचं काय? हा माणूस वर्षानुवर्षं रोज खराटा घेऊन गावं झाडत होता. रोजच्या झाडण्याला कोणती तारीख घालणार? रोजचं काम म्हणजे विशेष नाही, आणि विशेष नाही ते दिनविशेषात नाही. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, गाडगेबाबा बरोबर चौदा दिवसांनी. बाबांनी आपली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली होती. त्या दोघांचं नातं एवढं सख्खं, पण तारखा वेगळ्या. म्हणून मामांच्या वहीत ते दोघे कधी एका पानावर आले नाहीत.

आणि शेगावचा नि शेंडगावचा धागा जोडायचाच असेल तर तारीख कशाला हवी? गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले तेव्हा ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खात होते अशी कथा आहे. गाडगेबाबा पंगत उठली की जागा झाडायचे आणि स्वतः फुटक्या गाडग्यात मिळेल ते खायचे. एकाने टाकलेलं अन्न उचललं, दुसऱ्याने टाकलेल्या पत्रावळी उचलल्या. उधळणाऱ्या समाजाकडे दोघांनी एकाच नजरेनं पाहिलं. संकेतच म्हणायचा तर हा म्हणा ना, मामा!

यावर मामा फक्त एवढंच म्हणाले, "तुहं बोलनं झालं असन तर ठेवू का फोन? नळ आला."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला इतिहास हजर. माणूस हटत नाही.

दिनविशेषाचा सगळ्यात मोठा गुन्हा मात्र अजून सांगायचा राहिलाय. जे हळूहळू होतं ते त्याला दिसतच नाही. मूर्तिजापूरची आमची शकुंतला, ती अरुंद रुळांवरची गाडी, सुरू झाली तेव्हा कोणी साहेबाने झेंडी दाखवली असेल. पण बंद पडणाऱ्या गोष्टींचं उद्घाटन होत नसतं. आधी फेऱ्या कमी होतात, मग गाडी एक दिवस येत नाही, मग येतच नाही. विहिरींचं पाणी खाली जातं त्याला तारीख नसते. कर्ज डोक्यावर चढतं त्यालाही नसते.

कर्जावरून आठवलं. २१ मे म्हटलं की राजीव गांधींची हत्या आठवते, १९९१, आठवलीच पाहिजे. पण २१ मे १८५३ ला हैदराबादच्या निजामाने कंपनी सरकारशी तह केला आणि फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी अख्खं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. म्हणजे इथला शेतकरी सावकाराकडे गहाण पडण्याआधी इथली जमीनच राजाने गहाण टाकली होती. कर्ज दुसऱ्याचं, जप्ती आमची. ही तारीख वऱ्हाडातल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर पाहिजे. पण २१ मेला शाळेला सुटी असते.

आणि एक तारीख आहे १९ मार्च. १९८६ साली या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवन संपवलं. सहा माणसं. नंतर अमरावती, अकोला, यवतमाळ ही नावं देशभरच्या वर्तमानपत्रांत ज्या कारणासाठी छापली जाऊ लागली, ते कारण आपण सगळे जाणतो. पुढच्या मरणांना वेगळ्या तारखा उरल्या नाहीत. ती रोजची झाली, आणि रोजचं म्हणजे विशेष नाही.

गेल्या १९ मार्चला मामांच्या यादीत आचार्य कृपलानींची पुण्यतिथी होती, १९८२. वाजपेयींचा शपथविधी होता, १९९८. करपे नव्हते. मी फोन केला. यावेळी भांडलो नाही. फक्त सांगितलं की २०१७ पासून काही माणसं या दिवशी एक वेळ नाही, दिवसभर जेवत नाहीत. मोर्चा नाही, घोषणा नाही. जिथे असतील तिथे अन्नत्याग. मामा हूं हूं करत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग तारीख लागलीच ना तुले?"

यावर मला उत्तर सुचेना. कारण मोझरीला मी स्वतः गेलेलो आहे. राष्ट्रसंतांची पुण्यतिथी गुरुकुंजात ११ ऑक्टोबरला नसते, आश्विन वद्य पंचमीला असते. लाखो माणसं उघड्या मैदानात बसलेली असतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटं होतात आणि सगळं थांबतं. पाखरांचा आवाज येतो. तिथे कोणी घटना, जन्म, मृत्यू वाचून दाखवत नाही. माझ्यासारख्या वादावादी करणाऱ्या माणसाचंही तोंड तिथे बंद होतं. तेव्हा तारीख असो की तिथी, माणसं त्या दिवशी काही करत असतील तर ती विशेष. नुसती वाचून बोटाने वर सरकवायची असेल तर तिच्यात आणि लॉटरीच्या नंबरात फरक नाही. एवढं मी मामांना देऊन टाकलं. बाकी भांडण कायम ठेवलं.

यंदाच्या १९ मार्चला साडेपाच वाजले, फोन वाजला नाही. सहा वाजले, दूधवाला आला. साडेसहाला पेपर आला. बायको उठून बसली. म्हणाली, "मामांचं आलं नाही का हो?" तिच्याही पोटात धस्स झालं होतं. पंच्याऐंशी उलटलेला माणूस. मी थरथरत्या हाताने अकोल्याला फोन लावला. मामीने उचलला.

"मामी, मामा कसे आहेत?"

"बरे हायेत ना. तटी बसले हायेत अंगनात. सकायपासून चहा नाही, पानी नाही. मी म्हनलं औषध घ्या, तर म्हनते आज नाही जेवत. कोन्या देवाचा उपास हाये काहीच सांगत नाहीत. तुले मालूम हाये का?"

मी म्हणालो, "मालूम आहे. औषधापुरतं दूध द्या त्यांना. त्याने मोडत नाही."

मग मामा फोनवर आले. आवाज जरा खोल गेलेला होता, पण मुख्याध्यापकी शाबूत होती. "आज निरोप नाही," म्हणाले. "आज करून राह्यलो, सांगून नाही."

मला काय बोलावं कळेना. घसा खाकरून म्हटलं, "बरं मामा. काळजी घ्या."

"उद्या मात्र पाठवतो," ते घाईघाईने म्हणाले. "उद्या वीस मार्च. महाडचा सत्याग्रह, १९२७. अन् जागतिक चिमनी दिवस बी उद्याच हाये. आता तूच सांग, चवदार तळं अन् चिमनी, दोघायलेबी पानीच लागते का नाही? हा का योगायोग हाये?"